परीक्षकाची परीक्षा

संगणकाचा प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे पाहण्यासाठी आणखी एक छोटा प्रोग्रॅम लिहितात. त्याला ‘टेस्ट स्क्रिप्ट’ म्हणतात. आपल्या परीक्षेतील नमुना उत्तरपत्रिकेसारखीच ती असते. पण नमुना उत्तरच चुकले तर? मग ते दुरुस्त करावे लागते. आणि दुरुस्ती एका ओळीची असली तरी दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय स्वीकारू नये, असा या व्यवसायातील चांगला शिरस्ता आहे. कलाशाखेचा विद्यार्थी असूनही मला हा विषय आपला वाटतो, कारण तो आपल्या मराठीच्या एका अक्षरापर्यंत येऊन पोहोचतो.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. पहिल्या शब्दात ‘य’च्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात ‘य’च्या आधी अर्धा ‘ऱ’. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात ‘ऱ’ला स्वतंत्र क्रमांक आहे. मात्र साधा ‘र’ व त्याखाली नुक्ता, अशा दोन क्रमांकांनीही तो लिहिता येतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते. संगणकाला मात्र शब्द दोन वाटतात.

समजा, नावे शोधणाऱ्या एका प्रोग्रॅमची चाचणी यामुळे नापास होते. कोणी दुरुस्ती सुचवतो: तुलनेपूर्वी दोन्हीकडचा ‘ऱ’ साधा ‘र’ करून टाका. चाचणी ताबडतोब पास! तपासणाऱ्याने नेमके येथेच थांबायला हवे. आता ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत भेदच उरला नाही. चाचणी पास झाली खरी, पण चूक पकडण्याची तिची शक्ती गेली.

योग्य उपाय निराळा आहे. युनिकोडच्याच ‘एनएफसी’ या नियमाने दोन्ही शब्द आधी एका रूपात आणावेत व मग तुलना करावी. पायथॉन भाषेत ही सोय तयारच आहे. तरीही एक प्रश्न उरतो. ‘र’, हलन्त आणि ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह वापरूनही ‘दऱ्या’ लिहिता येते, आणि हे रूप त्या नियमाने बदलत नाही. त्याची चाचणी कोठे आहे, असे तपासणाऱ्याने विचारलेच पाहिजे. शिवाय मुद्दाम चुकीचा शब्द देऊन चाचणी नापास होते ना, हेही पाहावे.

आमच्या फुलसावंगीकडे कापूस पिकतो. काटा खरा की खोटा हे कापूस ठेवून कळत नाही. आधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते पाहावे, मग माहीत असलेले वजन ठेवावे. टेस्ट स्क्रिप्टचेही तसेच आहे.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव सापडणे म्हणजे काय, हे मी जाणतो. उद्या एखाद्या ‘कुऱ्हाडे’ आडनावाच्या मुलाचे नाव केवळ ‘ऱ’मुळे यादीत सापडले नाही, तर संगणक त्याला कारण सांगणार नाही. ते कारण वेळीच शोधणे हे त्या एका ओळीची तपासणी करणाऱ्याचे काम आहे.