खाटेशेजारची मावशी आणि तासाचा दर

38 रुपये 50 पैसे, 33 रुपये आणि 27 रुपये 50 पैसे. केंद्र सरकारने जुलै 2015 मध्ये कौशल्य प्रशिक्षणाचे ‘समान निकष’ काढले, तेव्हा माणशी तासाला हे तीन दर ठरले. वेल्डिंग असो, शिवणकाम असो की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची शुश्रूषा, सरकारी पैसा संस्थेला मिळणार तो यातल्या एका दराने.

धुळ्यात हे काम करणारी बाई शोधायची रीत वेगळी. मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला, आईला अर्धांगवायू. मग दवाखान्यातल्या आयाला विचारायचे, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे निरोप ठेवायचा. ‘पेशंट सांभाळणारी मावशी’ दोन दिवसांत दारात उभी राहते. ती कुठे शिकली, हे सहसा कोणी विचारत नाही. 2011 च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या साडेवीस लाख होती आणि राज्यात साठीपुढच्यांचे प्रमाण दहा टक्क्यांना टेकले होते. तेच प्रमाण इथे लावले तर जिल्ह्यात तेव्हाच दोन लाखांच्या आसपास वृद्ध होते.

कागदावर मात्र मावशीसाठी अभ्यासक्रम आहेत. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, म्हणजे 2015 पासून, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ ही नावे दिसतात. त्यांत शिकायचे ते असे: दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि मग जखम पडते. पेशंट खाटेवर असतानाच, एका कुशीवर वळवून, अर्धी चादर गुंडाळत बदलायची. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच टांगायची. भरवताना डोके उंच ठेवायचे, घास नीट गिळला गेल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घरात शेजारणींकडून हे थोडेफार कळते. पण चुकले तर न्यूमोनिया होऊ शकतो आणि त्याचे बिल शेवटी घरच्यांच्याच डोक्यावर येते.

आता पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहू. 2015 चा मधला दर धरून 30 जणींची, 200 तासांची तुकडी घेऊ. एकूण अनुदान 1 लाख 98 हजार. पहिल्या निकषांप्रमाणे त्यातले 30 टक्के, म्हणजे 59,400 रुपये, तुकडी सुरू झाल्यावर. 50 टक्के प्रमाणपत्रे मिळाल्यावर. आणि उरलेले 39,600 रुपये शिकलेल्यांना काम लागल्यावर. शेवटचा हप्ता सर्वांत लहान आणि मिळवायला सर्वांत कठीण. परीक्षा घडवून आणणे संस्थेच्या हातात असते. धुळ्यात प्रशिक्षित बाईला नेमून पगार देणारा मालक उभा करणे नसते. इथला मालक म्हणजे एखादे कुटुंब, आणि कुटुंब प्रमाणपत्र पाहत नाही, रात्रीचे किती घेणार ते विचारते.

योजनेच्या चौथ्या आवृत्तीत तर नोकरी लागली की नाही, याचा मागोवा घेण्याची जुनी पद्धतच थांबली. पहिल्या तीन आवृत्त्यांत तो घेतला जायचा. नव्या भाषेत सांगायचे तर प्रशिक्षितांनी आपला मार्ग आपण निवडायचा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात 2015 ते 2022 या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या. प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणी शून्ये होती, निरर्थक मजकूर होता किंवा काहीच नव्हते. ज्या बाईचे खातेसुद्धा धड नोंदवले गेले नाही, तिला पुढे काम मिळाले का, हे विचारायचे तरी कोणाला?

सरकारने मनावर घेतले की जमते, हेही याच योजनेने दाखवले. 18 जून 2021 रोजी कोविड योद्ध्यांसाठी एक लाखाहून अधिक जणांचा झटपट अभ्यासक्रम सुरू झाला: 26 राज्ये, 111 केंद्रे, 276 कोटी रुपये. सहा कामांत घरी राहून शुश्रूषा करण्याचे कामही होते. शिकणाऱ्याला राहणे-जेवण, प्रत्यक्ष कामाच्या काळात विद्यावेतन आणि अपघात विमा. माणशी खर्च सुमारे साडेसत्तावीस हजारांवर जातो. वरच्या तुकडीत तो 6,600 आहे.

शुश्रूषेच्या शिक्षणासाठी जर्मनीने 2020 पासून दुसरी तऱ्हा धरली. रुग्णालये, शुश्रूषागृहे, राज्ये आणि शुश्रूषा विमा यांनी एका निधीत पैसे घालायचे. शिकणाऱ्याला फी नाही, उलट दरमहा पगार. गंमत अशी की फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि तिकडे जाणाऱ्यांच्या जर्मन भाषेचा खर्च आपल्या तिजोरीतून उचलायचे ठरवले. त्याच वर्षी इस्रायलने भारताकडे 5,000 शुश्रूषा कामगार मागितले. अट होती दहावी पास, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि 990 तासांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण. परक्या म्हाताऱ्यासाठी 990 तास.

देशात मात्र या कामाला कायद्याचे छप्परही नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, पण त्याची चौकट किमान 2,000 तासांच्या पदविकेपासून सुरू होते. काहीशे तास शिकलेली मावशी त्यात बसत नाही. त्यामुळे त्या कायद्याखाली तिची नोंदवही नाही, ठरलेला दर नाही आणि चूक झाली तर दाद मागायची जागाही नाही.

19 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यात 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. प्रत्येकात किमान दोन अभ्यासक्रम अपेक्षित आहेत. त्यातला एक शुश्रूषेचा ठेवता येईल. पण कूस बदलायला शिकायचे तर खरी खाट लागते, आणि खाटा आहेत त्या धुळ्याच्या चक्करबर्डीतल्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात. साक्रीहून तिथे यायला बाईला मार्च 2023 पासून एसटीत अर्धे तिकीट पडते. प्रश्न उरतो बुडणाऱ्या मजुरीचा. कोविडच्या अभ्यासक्रमात विद्यावेतन होते, नेहमीच्या तासाच्या दरात ते नाही. त्यात दिवाळीनंतर खान्देशात कापूस वेचणी जोरात असते आणि किलोमागे रोख पैसे हातात पडतात. त्या दिवसांत भरवलेल्या वर्गाला शिंदखेड्याची बाई कशाला येईल? फेब्रुवारीनंतर भरवला तर येण्याची शक्यता बरीच जास्त, आणि एवढ्यासाठी दिल्लीच्या निकषांना हात लावायची गरजही पडू नये.