महारोगातली ‘रिॲक्शन’ आणि पेशीतली चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा एक तिशीचा तरुण कारेगावच्या माझ्या दवाखान्यात आला. अंगात ताप, चेहऱ्यावर व दोन्ही हातांवर लालबुंद गाठी, त्याही अशा की कपडा लागला तरी कळ यावी. सोबत त्याची वहिनी होती. तिने पिशवीतून सरकारी दवाखान्यातून मिळालेले गोळ्यांचे पाकीट काढून टेबलावर ठेवले. ‘‘डॉक्टर, पाच महिने गोळ्या घेतोय आणि बघा काय झालं. ह्या गोळ्याच त्याला बाधल्यात. परवापासून बंद केल्या.’’

पाकीट कुष्ठरोगाच्या औषधांचे होते. आपल्याकडे याला महारोग म्हणतात, जुनी माणसे रक्तपिती म्हणतात. त्या बाईंची समजूत चुकीची होती, पण मी तिला हसलो नाही. पंचवीस-एक वर्षांपूर्वी, प्रॅक्टिस नवी असताना, अशाच एका रुग्णाला मी स्वतः औषधाची ॲलर्जी समजून गोळ्या थांबवायला सांगितले होते. सहा आठवड्यांनी तो परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे वाकडी झाली होती. ती पुढे सरळ झाली नाहीत.

हा प्रकार ॲलर्जीचा नसतो. वैद्यकात त्याला ‘रिॲक्शन’ म्हणतात. महारोगाचे जंतू अतिशय सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला त्यांना बारा ते चौदा दिवस लागतात, म्हणून रोग दिसायला सरासरी पाच आणि कधी कधी वीस वर्षेही जातात. काही रुग्णांच्या अंगात या मुदतीत कोट्यवधी जंतू साठलेले असतात. औषधाने ते मरतात, पण त्यांचे तुकडे शरीरातच पडून राहतात आणि शरीर त्या मेलेल्या जंतूंवरही तुटून पडते. ताप, गाठी, डोळ्यांचा दाह आणि मज्जातंतूंची सूज हे सगळे त्या हल्ल्याचे परिणाम आहेत. रिॲक्शन औषध सुरू होण्यापूर्वी येऊ शकते, चालू असताना येऊ शकते आणि कोर्स संपल्यावरही येऊ शकते.

आता प्रश्न असा, की शरीर इतके पेटते कसे? येथे थोडे पेशीच्या आत डोकवावे लागेल. वाचकांनी कंटाळा करू नये.

आपल्या पेशीत ‘एन एफ कप्पा बी’ नावाचे एक प्रथिन असते. नाव सोडून द्या, त्याला बैल म्हणू. हा बैल सुटला की पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि दाह निर्माण करणारी रसायने बनवण्याचा हुकूम देतो. एरवी तो एका दुसऱ्या प्रथिनाच्या दाव्याने बांधलेला असतो. जंतूचा तुकडा पेशीच्या पहारेकऱ्यांना दिसला, की त्या दाव्यावर एक बारीकशी चिठ्ठी चिकटवली जाते. या चिठ्ठीचे नाव युबिक्विटिन. अवघ्या 76 अमिनो आम्लांचे हे प्रथिन यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांत जवळजवळ जसेच्या तसे सापडते, आणि ‘सर्वत्र असणारे’ असाच त्याच्या नावाचा अर्थ आहे. चिठ्ठ्यांची माळ लागलेले दावे पेशीतल्या एका यंत्रात जाते आणि कडबाकुट्टीत कडबा जावा तसे त्याचे तुकडे होतात. दावे गेले, बैल मोकळा. चिठ्ठी लागून प्रथिनाचा निकाल कसा लागतो, हे शोधणाऱ्या ॲरॉन सिकॅनोव्हर, अवराम हर्श्को आणि आयर्विन रोझ या तिघांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

गंमत अशी की प्रत्येक चिठ्ठी कुट्टीकडेच पाठवते असे नाही. माळ वेगळ्या तऱ्हेने ओवली तर तीच चिठ्ठी फक्त निरोप पुढे पोचवते, ‘जंतू आला आहे, सावध व्हा’ एवढाच. जंतूची चाहूल लागताच, आधीची ओळख नसतानाही जी प्रतिकारशक्ती उभी राहते, तिचे बरेचसे कामकाज अशा निरोपांवर चालते. आणि सुटलेला बैलच केंद्रकात जाऊन आपल्यासाठी नवे दावे बनवण्याचा हुकूमही देतो. शिवाय निरोपाच्या चिठ्ठ्या काढून टाकणारे ‘ए 20’ नावाचे प्रथिनही तोच बनवून घेतो. म्हणजे आग लावणाराच पाण्याची सोय करून ठेवतो. निरोगी माणसाची सूज चार दिवसांत ओसरते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. रिॲक्शनमध्ये मात्र जंतूंचे तुकडे संपत नाहीत, नवे निरोप येतच राहतात आणि बैल पुनःपुन्हा सुटतो.

महारोगाचा आणि या चिठ्ठीचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. 2004 मध्ये व्हिएतनाममधील कुटुंबांच्या आणि ब्राझीलमधील रुग्णांच्या तपासणीत ‘पार्किन’ नावाच्या जनुकाच्या परिसरातील फरकांचा महारोग होण्याशी संबंध आढळला. पार्किन हा पेशीतला चिठ्ठ्या चिकटवणारा एक कारकूनच आहे. क्षयाच्या जंतूवर चिठ्ठी लावून त्याला पेशीच्या आत नष्ट करायला तो मदत करतो, असे 2013 मध्ये उंदरांवरील प्रयोगात दिसले. एकाच घरात राहून एकाला रोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, याचे थोडेसे उत्तर अशा ठिकाणी असावे. पूर्वजन्माच्या पापाचा येथे काही संबंध नाही.

रिॲक्शनवरच्या एका औषधाची कथा तर विलक्षण आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आले. गरोदर बायकांनी ते घेतल्याने दहा हजारांहून अधिक मुले हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि 1961 मध्ये ते मागे घेतले गेले. 1964 च्या सुमारास जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांनी रिॲक्शनने तळमळणाऱ्या एका महारोग्याला, निदान झोप तरी लागावी म्हणून, हेच औषध दिले. झोप लागलीच, पण तापही उतरला आणि गाठी विरू लागल्या. कारण कोणालाच कळेना. 2010 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की हे औषध ‘सेरेब्लॉन’ला जाऊन चिकटते. हाही चिठ्ठी कोणाला लावायची ते ठरवणाऱ्यांपैकीच. औषध चिकटले की त्याची निवड बदलते आणि भलत्याच प्रथिनांना चिठ्ठ्या लागतात. प्रतिकार करणाऱ्या पेशींतली काही प्रथिने अशी कुट्टीत जातात. गर्भाच्या हातापायांच्या घडणीला लागणारे एक प्रथिनही तसेच जाते, हे 2018 मध्ये कळले. रिॲक्शन शमण्याचा सगळा उलगडा अजून झालेला नाही. पण हे औषध तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय कोणीही घेऊ नये. गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला तर ते सहसा देतच नाहीत. ते वीर्यातही उतरते, तेव्हा पुरुषांनाही संबंधाच्या वेळी निरोध वापरावा लागतो.

माझ्या रुग्णाला त्याची गरज पडली नाही. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूची शीर दोरीसारखी जाड आणि दुखरी लागत होती. महारोगात खरे भय तिथेच असते. हा जंतू मज्जातंतूत घर करतो. मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. सुजलेली शीर वेळेत शांत केली नाही तर हात कायमचा जातो. त्याला त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले. तेथे प्रेडनिसोलोन सुरू झाले आणि महारोगाच्या गोळ्याही पुन्हा सुरू झाल्या. (प्रेडनिसोलोन दुकानातून आणून स्वतः सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये.)

देशपातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने डिसेंबर 2005 मध्ये गाठले. त्यामुळे रोग गेलाच अशी पुष्कळांची समजूत झाली आहे. तो गेलेला नाही. न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा, भाजले तरी न समजणारे बोट, पायातून नकळत निसटणारी चप्पल, यांपैकी काही असेल तर आशाताईंना सांगावे किंवा सरकारी दवाखान्यात जावे. औषध फुकट मिळते, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते आणि ते सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याची भीती राहत नाही. त्याचे ताट वेगळे ठेवू नये. आणि मध्येच ताप आला, गाठी उठल्या, शीर दुखू लागली, नजर अंधुक झाली किंवा मूठ ढिली पडली, तर गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरला गाठावे.

तो तरुण दिवाळीनंतर येऊन गेला. कामावर जातो आहे. मी दोन बोटे पुढे केली, त्याने ती आवळून धरली, पकड चांगली होती. करंगळी मात्र अजून बधिर आहे. वहिनीने रिकामी झालेली पाकिटे मोजून आणली होती.