दादाने नोकरी सोडली, मोजमाप का सोडलं?

चंदीगडच्या सेक्टर 34 मध्ये आमच्या घराजवळ कोचिंग क्लासेसची रांगच आहे. मुलं आत गणितं सोडवतात आणि आईवडील बाहेर चहा घेत थांबतात. गेल्या जानेवारीत दादा नागपूरहून महिनाभर राहायला आला, तेव्हा धुक्यातही रोज तिकडे जायचा. कुणाच्या मुलीला परीक्षेच्या धास्तीने झोप नसायची, कुणाच्या मुलाचं पोट बिघडलेलं असायचं. दादा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा, मग होमिओपॅथीबद्दल सांगायचा. "आप तो इंजिनियर हैं जी," म्हणून लोक माना डोलवायचे. त्यांचा विश्वास बसायचा तो इंजिनियर या शब्दावर.

दादा बावीस वर्षं वीजकेंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होता. दाबमापकाचा काटा खरं दाखवतो की नाही, हे तपासणं म्हणजेच त्याचं काम. पुढे हाताला इसब झाला. मलमं लावून थकला, शेवटी होमिओपॅथीच्या गोळ्या घेतल्या आणि सहा महिन्यांत गुण आला. दोन वर्षांनी त्याने राजीनामा दिला.

त्याचं दैवत जॉर्ज विठूलकस. 1932 साली अथेन्समध्ये जन्मलेला हा माणूस दक्षिण आफ्रिकेत सिव्हिल इंजिनियर होता. तिथे त्याला होमिओपॅथी भेटली, पुढच्या अभ्यासासाठी तो भारतात आला आणि 1966 मध्ये त्याने इथली पदविका घेतली. मग ग्रीसला परतून आयुष्यभर होमिओपॅथी शिकवली. 1996 मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. अशा माणसाची ओढ वाटणं मी समजू शकते. यंत्रांमध्ये हयात घालवलेल्याला कुणाच्या तरी दुखण्याजवळ बसावंसं वाटतं, यात काही वावगं नाही.

माझं भांडण पुढे आहे. होमिओपॅथीचा जनक हानेमान याच्या पद्धतीने मूळ अर्काचा एक भाग नव्व्याण्णव भाग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये मिसळून हलवतात. त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णवात. असं तीस वेळा केलं की 30 पोटेन्सी होते, म्हणजे एकावर साठ शून्यांइतकं पातळ. साधारण बाराव्या पायरीनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता मावळू लागते. तिसाव्या पायरीवर एक रेणू हमखास सापडायला सूर्याच्या सुमारे 15,000 पट वजनाचं पाणी लागेल. हा हिशेब दादा माझ्याआधी करू शकतो.

"मग आयआयटीचं काय?" तो विचारतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2010 मध्ये सोनं, तांबं, जस्त अशा सहा धातूंच्या औषधांमध्ये 200 पोटेन्सीपर्यंत धातूचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचं प्रसिद्ध केलं, हे खरं. पण बाटलीत कण सापडणं वेगळं आणि त्याने आजार बरा होणं वेगळं. दुसरी गोष्ट तपासायला रोग्यांचे दोन गट लागतात. एकाला औषध, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या, आणि कुणाला काय दिलं हे देणाऱ्यालाही ठाऊक नको. दादाच्या भाषेत, हेच कॅलिब्रेशन. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने अशा अभ्यासांचा आढावा घेऊन 2015 मध्ये निष्कर्ष दिला की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी नाही.

"अगं, मग माझा हात?" तो हात पुढे करतो. इसब मुळातच वाढतो आणि ओसरतो. माणूस औषध बदलतो तो दुखणं कळसाला पोचल्यावर, त्यामुळे पुढचा उतार नव्या औषधाच्या नावावर जमा होतो. शिवाय त्याच सहा महिन्यांत त्याची बदली ऑफिसात झाली होती आणि सॉल्व्हंटमध्ये हात घालणं थांबलं होतं. मीटरमध्ये एवढा बदल झाला असता, तर दादानेच आधी तो नोंदवला असता.

दादा स्वतः गोळ्या देत नाही. उपचार करायला साडेपाच वर्षांची बीएचएमएस पदवी आणि नोंदणी लागते, हे तो पाळतो. पण औषध न देताही नुसत्या बोलण्याने माणूस दुसऱ्याचं औषध बंद करू शकतो. आई चौदा वर्षं थायरॉईडची गोळी घेत होती. "आता हळूहळू सोड," असं दादाने सुचवलं आणि तिने एकदम सोडली. लेकावर विश्वास. तीन महिन्यांत चेहरा सुजला, जिना चढवेना, रक्तातला टीएसएच भलताच वाढला. ती गोळी म्हणजे शरीरात कमी पडणारं संप्रेरकच असतं, तिची जागा दुसरं काही घेत नाही. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर आई सावरली. हे सगळं कळलं त्या रात्री दादा फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही.

होमिओपॅथी त्याने सोडलेली नाही. पण परवा पुन्हा इकडे आला असताना सेक्टर 34 मध्ये एका बाईंना डॉक्टरचं नाव लिहून देताना त्याने कागदावर सगळ्यात वर लिहिलं, 'चालू औषध बंद करू नका.' तुमच्या घरातही कुणी इन्सुलिन, रक्तदाबाची किंवा फिटची गोळी सोडायचा सल्ला दिला, तर सांगणारा कितीही शिकलेला, कितीही जवळचा असो, आधी ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.