गिऱ्हाईक बसलेले, मुलगी उभी

लग्नसराईत आपण साडीच्या दुकानात जातो. गादीवर ऐसपैस बसतो. समोरची मुलगी तासभर उभ्याने साड्या उलगडून दाखवते. आपण एकही न घेता उठलो, तरी तिने हसूनच निरोप द्यायचा आणि मग सगळ्या घड्या पुन्हा घालायच्या. गिऱ्हाईक तुटू नये, ही मालकाची काळजी. तिचे पाय सुजतात, याची काळजी कोणी करायची?

केरळमधल्या दुकानांतील स्त्रियांनी ती स्वतःच केली. कोझिकोडच्या बाजारात त्यांना दिवसभर बसायची मुभा नव्हती. लघवीला जायची सोय नव्हती, म्हणून पाणी पिणेही टाळावे लागे. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्यांना एकत्र आणले. 'पेनकूट्टू' ही संघटना उभी राहिली. आधी संडासासाठी, मग बसण्यासाठी त्या लढल्या. अखेर २०१८ साली केरळ सरकारने कायदा बदलला आणि कामगारांना बसण्याची सोय देणे दुकानदारांना बंधनकारक झाले. २०२१ साली तामिळनाडूनेही तसाच कायदा केला.

बंधू-भगिनींनो, आपल्याही मुली मॉलमध्ये, दुकानांत उभ्या असतात. एकटीने तोंड उघडले तर नोकरी जाण्याची भीती. म्हणून चौघींनी मिळून मालकाकडे स्टूल मागावे. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून गेलो, तर एवढे तरी म्हणू या : "ताई, बसून दाखवा. आम्हाला घाई नाही."