सारंगखेडा यात्रेचे छायाचित्रण आणि मेमरी कार्डाची निवड

तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेतील घोडेबाजाराचे दस्तऐवजीकरण करणाऱ्या अभ्यासकाने मेमरी कार्ड केवळ क्षमता पाहून निवडू नये. एसडीएचसी कार्डाची मर्यादा ३२ जीबी, तर २००९ मध्ये जाहीर झालेल्या एसडीएक्ससीची २ टीबी आहे. परंतु अनेक जुने कॅमेरे एसडीएक्ससी स्वीकारत नाहीत. धावत्या घोड्याची सलग छायाचित्रे घेताना लेखनवेग अपुरा पडल्यास कॅमेरा मध्येच अडखळतो. कार्डावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनवेगाचा असतो. ‘व्ही३०’ हे चिन्ह मात्र सेकंदाला किमान ३० एमबी सलग लेखनाचे निदर्शक होय. यात्रेतील क्षण पुन्हा टिपता येत नाही. म्हणून एका मोठ्या कार्डाऐवजी दोन मध्यम क्षमतेची कार्डे वापरावीत व त्याच रात्री संगणकावर प्रत घ्यावी.