पुंगळी किती दाबायची?

पनवेल-उरण पट्ट्यात, गव्हाण-उलव्याकडे, नेमबाजी म्हटली की एअर रायफल नेमबाज सुमा शिरूर आणि कर्नाळा स्पोर्ट्स अकादमी आठवते. एअर रायफलीचं बरं असतं, छर्रा उडाला की मागे काही उरत नाही. काडतुसाच्या रायफलीत बार झाल्यावर हाती पितळेची पुंगळी राहते. मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलीची पुंगळी तर इतकी महाग आणि दुर्मीळ असते की फेकायला जीव धजावत नाही. परदेशातले हौशी शिकारी तीच पुन्हा भरतात, आणि भरण्याआधी तिला मापात आणायला लागते रिसायझिंग डाय. पोलादाचं एक नळकांडं, वरून आटे पाडलेले. काडतूस भरणाऱ्याचं शहाणपण मात्र कोणती डाय घेतली आणि प्रेसमध्ये ती किती खाली बसवली, यावर ठरतं.

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमसारख्या काडतुसात दाब चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जातो. त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच किंचित आक्रसते. पण मूळ मापावर परतत नाही. नुसती मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, आवळणारी डाय घेतली तर बाकीचं अंग त्याच रायफलीच्या चेंबरच्या आकाराचं राहतं, पितळ कमी दमतं आणि नेमही चांगला लागतो. चांदमारीवाल्यांना ती आवडते ते उगाच नाही.

शिकाऱ्याने मात्र तिच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जखमी रानम्हैस अंगावर येताना दुसरं काडतूस चेंबरमध्ये अडलं तर त्या सुबक नेमाचं काय लोणचं घालायचं? तिथे पूर्ण अंग दाबणारी डायच हवी. दुनळी रायफलीला तर पर्यायच नाही. तिची दोन चेंबरं तंतोतंत सारखी नसतात. उजव्या नळीत उडालेली पुंगळी नुसती मान आवळून डावीत घालायला जाल तर नळ्या बंदच होणार नाहीत.

पूर्ण डाय घेतली म्हणजे निवड संपली असं नाही. ३७५ हॉलंड १९१२ साली आलं. त्याचा खांदा, म्हणजे मान अंगाला मिळते तो भाग, इतका उतरता की काडतूस चेंबरमध्ये नेमकं थांबवायला बुडाशी एक उंच कडं दिलं, त्याला बेल्ट म्हणतात. कड्यावर भिस्त म्हणून खांद्यापाशी चेंबरं ऐसपैस कोरण्याची चाल पडली. पहिल्या बाराला खांदा पुढे सरकतो. डाय पुंगळी धरणाऱ्या होल्डरला टेकेपर्यंत खाली घेतली की ती त्याला पुन्हा पार मागे रेटते आणि पुढचा बार पितळ परत ताणतो. हा ताण कड्याच्या जरा वर येतो. तिथे भिंत झिजते, बाहेर चकचकीत वलय उमटतं आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात. जाणते लोक एक बारीक तार घेतात, तिचं अणकुचीदार टोक काटकोनात वाकवतात आणि आतल्या भिंतीला टेकवून बुडापासून वर ओढतात. टोक खाचेत अडकलं की पुंगळी भंगारात. म्हणून डाय थोडी वर ठेवून खांदा इंचाचे एक-दोन सहस्रांशच मागे घ्यायचा, आणि शिकारीला निघण्याआधी काडतूस चेंबरमध्ये सहज बसतं का ते पाहायचं.

वंगणाचंही तसंच. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते, जास्त झालं तर खांद्याला पोचे पडतात. ५७७ नायट्रोसारख्या लठ्ठ काडतुसांना साधारणतः नेहमीच्या ७/८ इंची आट्यांहून मोठी डाय आणि तशीच दणकट प्रेस लागते.

या मापांच्या गर्दीला हिंदुस्थानचाही हातभार आहे. ४५० बोअरच्या मार्टिनी-हेन्री बंदुका बंडखोरांच्या हाती पडल्याने १९०७ मध्ये इंग्रज सरकारने इथे त्या बोअरवर बंदी घातली. साहेबांची शिकार थांबेल कशी? हॉलंड अँड हॉलंडने ५००/४६५ काढलं, ४७० नायट्रो एक्सप्रेसची चलती झाली, ४७५ आणि ४७६ चीही भर पडली. दर काडतुसाला वेगळी डाय. कॉर्डाइट दारूचा दाब उष्णतेने वाढतो, म्हणून इथल्या उन्हाळ्याचा विचार करून नायट्रो काडतुसं लांबलचक, पण सौम्य दाबाची ठेवली. ४७० चा दाब ३५,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे ३७५ च्या निम्म्याहून थोडा जास्त. रिकामी पुंगळी निघतेही सहज, आणि पितळ जास्त बार सोसतं.

पुंगळीचा जन्मही डायमधूनच होतो. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' दिसलं की ती तिथली. पितळेची वाटी एकामागून एक डायमधून ओढत लांब करायची, मधूनमधून तापवून मऊ करायची, शेवटी मानेला पुन्हा आच द्यायची आणि बूड मात्र कडकच ठेवायचं. घरी भरणाऱ्यालाही काही बारांनंतर मान तापवावी लागते, नाहीतर ती तडकते. 

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार मिटवली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही. त्यामुळे या डायांचं खरं गिऱ्हाईक आफ्रिकेला जाणारं किंवा जुन्या विलायती दुनळ्या सांभाळणारं. शंभर वर्षांपूर्वीचं चेंबर आजच्या मापाशी जुळेलच असं नाही. म्हणून चांगला डाय-कारागीर कॅटलॉग बाजूला ठेवतो आणि गिऱ्हाइकाकडून त्याच रायफलीत उडवलेल्या काही पुंगळ्या मागवून त्यांच्यावर डाय कोरतो. दुनळी असेल तर दोन्ही नळ्यांतल्या, वेगळ्या खुणा करून.