फडाच्या फलकावर नाव कुणाचं?

गुढीपाडवा झाला, की आमच्या मलकापूर-कराड भागात जत्रांची गडबड सुरू होते. गावाच्या वेशीवर, एस.टी. स्टँडबाहेर, हायवेच्या कडेला मोठमोठे फलक लागतात. कुस्त्यांचं मैदान, बैलगाड्यांच्या शर्यती आणि सगळ्यांत ठळक अक्षरात तमाशा मंडळाचं नाव. आपण बायका तो फलक वाचतो आणि पुढे जातो. तमाशा म्हणजे पुरुषांची करमणूक, आपला काय संबंध, असंच आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं ना!

पण मैत्रिणींनो, पुढच्या वेळी तो फलक जरा थांबून वाचा. ‘मंगला बनसोडे सह नितीनकुमार’. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. ‘दत्ता महाडिक पुणेकर सह गुलाबराव बोरगावकर’ हे नाव तर जुन्या माणसांच्या अजून तोंडात आहे. यातला ‘सह’ हा दोन अक्षरांचा शब्द फार बोलका आहे. फड कुणी उभा केला, कोण सोडून गेलं, कोण परत आलं, आई कुठे आणि मुलगा कुठे, हे सगळं त्या एका ओळीत वाचता येतं.

घरातली कॉलेजातली मुलं कानात वायर घालून इंग्रजी रॉक ऐकतात. त्यांना विचारलंत तर ती सांगतील, की बँडमधली माणसं बदलणं ही त्यांच्याकडे मोठी चर्चेची गोष्ट असते. इंग्लंडात मँचेस्टर शहरात 1976 साली ‘द फॉल’ नावाचा बँड निघाला. मार्क ई. स्मिथ हा त्याचा गायक. चाळीस वर्षांत या बँडमध्ये साठाहून जास्त वादक येऊन गेले. टिकला तो एकटा स्मिथ. त्याची बायको ब्रिक्स 1983 मध्ये गिटार घेऊन बँडमध्ये आली, 1989 मध्ये लग्न मोडलं तशी बाहेर पडली आणि काही वर्षांनी पुन्हा येऊन वाजवून गेली. 2018 मध्ये स्मिथ वारला आणि बँडही संपला.

हे वाचून मला आपला फडच आठवला. फरक एवढाच, की आपल्याकडे माणूस गेलं तरी फड संपत नाही. नाव पुढे चालतं. आणि ते चालवायला बऱ्याचदा घरातली बाई उभी राहते.

नारायणगावकरांचंच बघा. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे त्यांच्या मुलांच्या नावाने तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ म्हणून गाजला. जातीचं नाव लपवण्याच्या काळात या कुटुंबाने ते थेट फलकावर लिहिलं होतं! भाऊंची मुलगी विठा, जन्म 1935 चा, पंढरपूरचा. भाऊ-बापूंच्या नावाने चालणारा फड पुढे विठाबाईंच्या नावाने ओळखला जाऊ लागला. 1957 आणि 1990 अशी दोन वेळा त्यांना राष्ट्रपतींची पदकं मिळाली.

विठाबाईंची एक गोष्ट तमाशाच्या दुनियेत सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि लुगडं कसून पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना लोक ‘काय ती कलेची निष्ठा!’ म्हणतात. निष्ठा होतीच. पण बाळंतपण झालेलं कळल्यावर पुढचा खेळ थांबवता येतो, हे पुरुषांनी भरलेल्या त्या कनातीला कुणी सांगायचं? आपल्याला बाळंतपणात सव्वा महिना खाट मिळाली, डिंकाचे लाडू मिळाले. फडावरच्या बाईला पहिला दिवससुद्धा मिळाला नाही. कौतुक करताना हेही मनात असू द्यावं.

15 जानेवारी 2002 रोजी विठाबाई गेल्या. शेवटच्या आजारात दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. नंतर 2006 पासून राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो ज्यांना मिळाला त्यांच्यात विठाबाईंची मुलगी मंगलाताई बनसोडेही आहेत. आईच्या नावाचा पुरस्कार लेकीला! आनंदाचीच गोष्ट. पण आई असताना हात थोडा सढळ झाला असता तर...

या मंगलाताई म्हणजे आपल्या शेजारच्या. कराडजवळचं करवडी हे त्यांचं सासर. माहेरची विद्या त्यांनी सासरच्या नावाने गाजवली. आईच्या फडात शिकून त्यांनी पती रामचंद्र बनसोडे यांच्यासोबत वेगळा फड उभा केला आणि ‘करवडीकर’ हे नाव महाराष्ट्रभर नेलं. ‘जन्मठेप कुंकवाची’, ‘विष्णू बाळा पाटील’ अशा वगांनी जत्रा गाजल्या. फलकावर आधी आईचं नाव आणि ‘सह’च्या पुढे मुलगा नितीनकुमार. धाकट्या मालती इनामदारांचाही वेगळा फड निघाला. म्हणजे एका आईच्या फडातून लेकींचे फड झाले. शेताच्या वाटणीत लेकीला काय मिळतं ते आपण सगळ्याच जाणतो. इथे वाटणीत कला आली, आणि ती लेकींनी वाढवली.

कांताबाई सातारकरांची गोष्ट दुसऱ्या बाजूची. जन्म गुजरातचा, पण वाढल्या साताऱ्यात, म्हणून सातारकर. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नावारूपाला आल्या, त्यांच्याशी संसार मांडला. छत्रपतींची भूमिकासुद्धा त्या ताठ मानेने करायच्या. 1964 मध्ये खेडकर गेले आणि पदरात लहान मुलं असताना कांताबाईंना दुसऱ्यांच्या फडात काम शोधावं लागलं. ज्या फडाचं नाव त्यांच्यामुळे वाढलं, त्यात त्यांचा हक्क कागदावर कुठेच नव्हता! पण बाई खचल्या नाहीत. स्वतःचा फड उभा केला, मुलगा रघुवीर सोंगाड्या म्हणून तयार झाला. त्यांच्या फलकावर मुलाचं नाव पुढे आणि आईचं ‘सह’नंतर. मे 2021 मध्ये कोरोनाने त्यांना नेलं. नाव मात्र फलकावर राहिलं.

मालकिणींचं हे झालं. पण मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, मावशी, तंबू ठोकणारे, आचारी, ट्रकचे ड्रायव्हर. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतो. रात्री गण, गवळण, रंगबाजी आणि वग. पहाटे ट्रकमध्येच झोप. सकाळी कुठे हजेरीचा कार्यक्रम, आणि पुन्हा पुढचं गाव. जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पंच नारायणगावच्या राहुट्यांवर येतात. त्या दीड-दोन महिन्यांवर वर्षाचं गणित असतं. 2020 आणि 2021 अशा दोन वर्षी जत्राच झाल्या नाहीत, तेव्हा या माणसांचं काय झालं असेल, याची कल्पना करा.

फडातली माणसं बदलतात ती ‘उचल’ या व्यवहाराने. हंगामाच्या आधी कलावंत मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाचं दुखणं, कुणाला घराचं छप्पर घालायचं असतं. ती उचल हंगामभर काम करून फेडायची. दुसऱ्या फडाच्या मालकाने उचल भरली, की कलावंत तिकडे गेला. मालकही ही रक्कम बऱ्याचदा व्याजाने आणतो. म्हणजे इंग्रजी बँडमधला गिटारवाला भांडण झालं म्हणून जातो. आपली नाचणारी पोरगी कर्ज फिटलं नाही म्हणून राहते. तिचं नाव फलकावरही नसतं.

आणि नाव नसण्याची किंमत म्हातारपणी मोजावी लागते. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. पण अर्ज करताना कलेत इतकी वर्षं काढल्याचे पुरावे मागतात. हँडबिलं, फोटो, प्रमाणपत्रं. पायात चाळ बांधून जिने तीस वर्षं काढली, तिच्याकडे दाखवायला एक कागदही नसतो. रेशनकार्ड एका गावचं, मुलं आजीकडे दुसऱ्या गावी, आणि ती स्वतः वर्षातले सात महिने ट्रकवर!

ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव शाहीर म्हणून अजरामर झाले, त्यांची जयंती-पुण्यतिथी होते. त्यांच्या लावण्या ज्या पवळाबाईंमुळे घराघरांत पोचल्या, त्यांचं नाव आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? पवळाबाईंना पाहायला मुंबईत लोकांची झुंबड उडायची. शेवटी ‘सह’ म्हणायलाही लोक विसरले.

मग आपण काय करायचं? सांगते. बचतगटात, महिला मंडळात आपण अर्ज भरून देण्यात पटाईत झालोय. तुमच्या गावात, वस्तीत फडावर काम केलेली एखादी मावशी असेलच. तिच्याकडे बसा. जुन्या हँडबिलांची, फोटोंची चौकशी करा, नसतील तर फडमालकाकडून दाखला मिळवायला मदत करा. जत्रा कमिटीत आपले भाऊ, दीर, नवरे असतातच. त्यांना सांगा, सुपारी ठरवताना कलावंत बायकांना कपडे बदलायला बंदिस्त जागा, स्वच्छतागृह आणि पाणी हेही ठरवा. आमच्या मलकापूरने नळाला चोवीस तास पाणी आणून देशभर नाव कमावलं. एका रात्रीपुरती पाहुण्या बायकांची सोय करणं एवढं अवघड नाही.

आणि जमलं तर चार जणी मिळून, तिकीट काढून, वग संपेपर्यंत बसा. समोर बायका बसल्या, की शिट्ट्या आपोआप कमी होतात. बोर्डावरच्या बायकांनाही तेवढाच आधार वाटतो.